झाकलेल्या वाट्या

शेजारच्या मृणालच्या डोहाळजेवणात तिच्यापुढे दोन झाकलेल्या वाट्या ठेवल्या. एकीत पेढा, म्हणजे मुलगा. दुसरीत बर्फी, म्हणजे मुलगी. सगळ्याजणी हसत होत्या. माझ्याजवळ बसलेल्या सुनंदाताई मात्र हळूच म्हणाल्या, "पेपरात आलंय, आमच्या निखिलसारख्यांचं पोटातच ठरतं म्हणे. मी तेव्हा काय चुकीचं खाल्लं असेल गं?"

निखिल पुण्यात त्याच्या मित्रासोबत संसार करतो. दिवाळीलाही येत नाही. वडिलांनी दार बंद केलंय.

शास्त्रज्ञांचा वाद अजून मिटलेला नाही. कुणी जनुकं म्हणतं, कुणी गर्भातले हार्मोन्स, कुणी दोन्ही आणि वर आणखी काही. उत्तर काहीही निघो, ही बाई त्यात स्वतःचाच गुन्हा शोधणार. मला माझा नवरा का आवडला, याचा जाब माझ्या आईला कधी कुणी विचारला नाही.

"ताई, तुमचं काहीच चुकलं नाही," मी म्हटलं. त्यांचं लक्ष वाट्यांकडे होतं.

मृणालने एक उघडली. पेढा! टाळ्या वाजवता वाजवता सुनंदाताई म्हणाल्या, "माझाही पेढाच निघाला होता. ह्यांनी तर जन्माआधीच गल्लीभर पेढे वाटले होते."