पोट्टी जीन शिकते

आमच्या मलकापूरकडे जीन म्हणजे एकच. कापसातून सरकी वेगळी काढतात तो कारखाना. 'जीनात जाते', 'जीनातून आली', असंच आम्ही बोलतो. मी पण जीनातलीच, बरं का. एक दिवस रेच्याच्या, म्हणजे सरकी काढायच्या मशीनच्या, तोंडाशी कापूस लोटत होते, तर त्यानं माझा हातच आत ओढला. उजव्या हाताची दोन बोटं गेली. पांढऱ्या रुईवर लाल चिळकांडी उडाली, आणि मुकादम पहिल्यांदा काय ओरडला असेल? "अरे, रुई खराब होते, रुई बाजूले घ्या!" ते आठवलं की मला आधी हसू येतं, मग त्याचा गळा धरावासा वाटतो.

त्यामुळे माझी भाची, म्हणजे माझ्या धाकट्या भावाची एकुलती एक लेक, पुण्याहून फोनवर म्हणाली, "आत्या, मी सध्या जीनचा अभ्यास करून राह्यली," तेव्हा मी उखडलेच.

"काऊन वं? इतकी शिकून जीनातच जायचं होतं तर पुण्याले कायले गेली? बोटं जास्त झाली का तुले?"

तिकडून ती जी हसत सुटली! मग तिनं समजावलं. तो जीन वेगळा. माणसाच्या, झाडाच्या, किड्यामुंगीच्या अंगात बारीक लिहिलेलं असतं, कोण कसं निपजणार ते. ते लिहिलेलं कॉम्प्युटरवर वाचायचं. त्या शिक्षणाचं नाव बायोइन्फर्मॅटिक्स अँड डेटा सायन्स. एम.एस्सी. आहे ते. मी शाळेत गेलेली नाही, दुकानांच्या पाट्या वाचून वाचून शिकले, पण हे नाव तोंडात बसायला मला महिना गेला. डेटा मात्र लगेच कळला. म्हटलं, डेटा संपला की रिचार्ज मारायचा, त्यात सायन्स कसलं?

"तो पण डेटा वेगळा आहे आत्या," ती म्हणाली.

तुमच्या पुण्यात सगळंच वेगळं, म्हणाले मी.

सुट्टीत आली की माझ्याकडे एक मुक्काम करून मग गावाला जायची. तेव्हा लॅपटॉप उघडून दाखवायची. सगळी पाटी भरून चारच इंग्रजी अक्षरं, उलटसुलट, मुंग्यांच्या रांगेसारखी. म्हटलं, चार अक्षरं शिकायला दोन वर्षं? मी तर बाराखडी एका उन्हाळ्यात केली. ती म्हणाली, अक्षरं चार, पण त्यात एक जरी इकडचं तिकडं झालं तर झाड मरते. दोन ओळी एकाखाली एक लावायच्या, कुठं जुळते आणि कुठं तुटते ते मशीनकडून शोधून घ्यायचं, आणि मशीनला ते सांगायची भाषा पण शिकायची. वर्गातल्या पोरी तिच्या 'मले-तुले'ला हसायच्या. ही म्हणे त्यांना सांगायची, मशीन हसत नाही, तुम्हीच हसता.

आता माझ्या भावाचं सांगते. तो वडनेर भोलजीच्या बाजूच्या गावात राहतो, हायवेवर जीप चालवतो. त्यालाही आधी तोच जीन वाटला, माझ्यासारखा. पण त्याला आनंद झाला. स्टँडवर सांगत फिरायचा, "माही पोट्टी जीन शिकते. कॉम्प्युटरवाल्या मशीनी असतात आता. मालकाच्या हापिसात बसंल, एसीत." कुणी चिडवायचं, "म्हणजे तू कापूस भरून आणशील अन् पोट्टी तुहीच गाडी वापस करंल!" तो खूश. भाची एकदा त्याचं बोलणं सुधारायला गेली, तर मी तिचा हात दाबला. राहू दे म्हटलं.

काऊन दाबला, ते ऐका. पोरगी जन्मली तीच घाऱ्या डोळ्यांची. आमच्या घरात घारे डोळे कुणाचे नाहीत, माझ्या भावजयीच्या, म्हणजे वयनीच्या, माहेरीही नाहीत. झालं. बारशाच्या दिवशीच कुणी बाई हसत म्हणाली, "कोनावर गेली हो ही?" आणि त्या वाक्यानं माझ्या वयनीची हाडं मोडली. खरंच मोडली. एकदा मनगट, एकदा बरगडी. तापलेल्या चिमट्याचा डाग तिच्या पाठीवर अजून आहे, मी स्वतः त्याला तेल लावलं. दारू प्यालेला असो की नसो, जेवण उशिरा झालं, जीप पंक्चर झाली, काहीही निमित्त झालं की तो तिचे केस धरायचा आणि तिचं तोंड भिंतीवर आपटून विचारायचा, "कोनाची हाये सांग!" पोरगी कोपऱ्यात उभी राहून ऐकायची. दवाखान्यात वयनीचं एकच ठरलेलं: पडली. मोरीत पडली, ओट्यावरून पडली. अशा घरात रक्ताचं नाव काढायचं नसतं. म्हणून आमच्यासाठी कापसाचा जीनच बरा होता.

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी तिला एक मोठं काम करून द्यायचं होतं, प्रोजेक्ट. त्यावरच पास-नापास. तिनं तूर घेतली. आपल्याकडे तुरीला मर लागते, उभं झाड वाळून जातं, तर कोणत्या वाणात ते सोसायची ताकद आहे, हे ती त्या चार अक्षरांतून काढत होती. थोडं काम बाकी होतं तेव्हा ती घरी आली. मी पण तिच्यासोबत गेले. दुपारची वेळ. वयनी ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होती, भाची बाजेवर लॅपटॉप घेऊन, मी चहा पीत. जीप येऊन थांबली. भाऊ उतरला तो हातात टामी घेऊनच. टामी म्हणजे चाक खोलायची लोखंडी दांडी.

"ए, इकडं पाह्य," तो लेकीला म्हणाला. "जीन म्हंजे काय?"

"काय झालं बाबा?"

"दोन वर्सं मले येडा बनवलं माय-लेकींनी. आज रक्त तपासायच्या लॅबमधला मानूस बसला होता जीपीत. मी सांगतलं पोट्टी जीन शिकते, तं तो हसला. म्हने त्यातून बाप कोन ते निघते. सगळी गाडी हसली. निघते का नाही?"

भाचीनं माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनी नको म्हटलं. पण ती खोटं बोलली नाही.

"निघते," ती म्हणाली. "पन माहं काम तुरीचं आहे बाबा."

"तुरीचा बाप धुंडते अन् सोताचा नाही?"

दुसरा कुणी असता तर मी हसले असते. त्यानं खिशातून दाढीची पत्ती काढली आणि कुणाला कळायच्या आत स्वतःच्या तळहातावर फिरवली. रक्त टपटप लॅपटॉपवर. बटनांच्या फटीतून आत गेलं, पाटीवरची चार अक्षरं लाल झाली.

"घे. हे माहं. आता हिचं घे, तुहं घे, अन् टाक त्या डब्यात. आज निकाल पाह्यजे मले."

पोरगी ओढणीनं बटनं पुसत म्हणाली, "असं नसते बाबा. आमच्या शिक्षणात पहिला कायदा शिकवतात. ज्याचं रक्त, त्याले विचारावं लागते. तो नाही म्हनला तं थेंबही घेता येत नाही."

"मी देऊन राह्यलो न!"

"तुम्ही देऊन राह्यले. आईले विचारलं का?"

"तिले कायले विचारायचं?"

"मंग मी विचारते." ती वयनीकडे वळली. "आई, तुही मर्जी आहे का? हो म्हन, नाही म्हन. काऊन ते सांगायची गरज नाही."

मी मध्येच बोलले. मला खरंच वाटलं, एका थेंबात सगळं मिटतं तर मिटू दे. "वयनी, देऊन टाका. याचं तोंड बंद होईल."

वयनीनं शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. मांडीवरची टरफलं झटकली. त्या घरात तिला असं कुणी काही विचारलंच नव्हतं. ती नवऱ्याकडे बघत म्हणाली, "नाही."

टामी पहिल्यांदा लॅपटॉपवर पडली. काचा उडाल्या. दुसऱ्यांदा वयनीच्या डोक्यासाठी उठली, ती भाचीनं हातावर घेतली. आवाज झाला, ओली फांदी मोडल्यासारखा. पोरगी खाली बसली, तरी आईच्या अंगावरून हलली नाही. तिसऱ्यांदा उठली तेव्हा मी मोरीतली कपडे धुवायची मोगरी उचलली होती. उजव्या हातात ती माझ्या बसत नाही, म्हणून डाव्यानं हाणली, त्याच्या कोपरावर. टामी पडली. मी परत हाणली, गुडघ्यावर. तो बसला. परत हाणली.

"बाई," तो म्हणाला, लहानपणी म्हणायचा तसा, "तू मले मारलं?"

"हाव. उठला तं आनखी मारीन."

शेजारचे भिंतीवरून बघत होते. एक जण म्हणाला, जाऊ द्या हो, घरातलं भांडण आहे. मी त्याला मोगरी दाखवली, तसं त्याचं डोकं भिंतीमागं गेलं. मी भाचीचा हात ओढणीनं बांधला, आणि आम्ही तिघी रिक्षानं मलकापूरच्या दवाखान्यात. डॉक्टरनं विचारलं, कसं झालं? मी वयनीकडे पाहिलं. ती म्हणाली, "नवऱ्यानं मारलं. लिहून घ्या, अन् पोलिसाले पन सांगा."

त्याच्यावर केस झाली. आत राहून आला, आता परत जीप चालवतो. भाचीचं काम कॉलेजच्या मोठ्या कॉम्प्युटरवरही ठेवलेलं होतं, म्हणून वाचलं. प्लास्टरमधला हात घेऊन, दुसऱ्या हाताच्या बोटांनी एकेक बटन दाबत तिनं उरलेलं पूर्ण केलं. तिच्या वर्गातल्या हसणाऱ्या पोरींतल्याच एकीनं तिला आपला लॅपटॉप दिला. ती पास झाली. आता तुरीवरच पुढचं काम करते. हात पूर्ण सरळ होत नाही.

वयनी माझ्याकडे राहते. भाऊ अजून येणाऱ्या-जाणाऱ्याजवळ निरोप पाठवतो, "रिपोर्ट आला का?" निरोप आणणारेही लाज सोडून आमच्या तोंडाकडे बघत उभे राहतात. मी त्यांना चहा पाजते आणि हाकलते.

परवा आम्ही दोघी भाकरी करत होतो. वयनी पीठ थापता थापता म्हणाली, "बाई, पोट्टी त्याचीच आहे."

"मी कुठं विचारलं?"

"म्हनून तं तुमाले सांगतलं."

तव्यावरची भाकरी तिनं उलटली. हे सगळं लिहू का, असं मी तिला विचारलं, तिच्या लेकीच्या कायद्याप्रमाणं. तिनं ती भाकरी उतरवून दुसरी थापायला घेतली.

"लिहा," मग म्हणाली. "त्याले वाचता येते, पन बायांनी लिहिलेलं तो वाचत नाही."