राखणदाराचे कांबळे

"झोपाक नाय, भाटकारानूं! डोळे मिटून राखतंय!"

हे वाक्य ज्याच्या कानावर पडले नाही असा मनुष्य त्या काळी आमच्या पेडणे तालुक्यात शोधूनही सापडला नसता. ते म्हणणारा तो जत्रेच्या नाटकात भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, बागेचा राखणदार होई. स्टुलावर बसून, काठीवर हनुवटी टेकून, तोंड किंचित उघडे ठेवून तो झोपे. चोर येत. ते प्रथम आंब्यांची पाटी नेत, मग कंदील नेत, मग त्याच्या अंगावरचे कांबळे ओढून नेत आणि शेवटी त्याच्या बुडाखालचे स्टूलही काढून घेत. तरी तो तसाच, स्टूल असल्यासारखा, हवेत बसून राही. मग भाटकाराचे सोंग घेतलेला नट येऊन गर्जे, आणि हा डोळे न उघडता वरील वाक्य उच्चारी.

लोक अक्षरशः लोळत. दुसऱ्या दिवशी बसचा कंडक्टर तेच वाक्य म्हणे, देवळातले भटजीही म्हणत. त्याचे खरे नाव लोकांच्या तोंडी उरलेच नव्हते. लहानथोर सगळे त्याला राखणो म्हणत.

आता तो हयात नाही, म्हणून मी हे लिहितो. वाचकहो, तुम्हीही आपापल्या गावात माणसे पाहिली असतील; त्यांतील एखाद्याचा तुम्हांला हेवा वाटला असेल, तर माझे म्हणणे समजून घेण्यास तुम्हांला अडचण पडणार नाही. मला त्याचा हेवा वाटे. हे मी राजीखुषीने लिहून देतो.

मी मामलेदार कचेरीच्या व्हरांड्यात बसून लोकांचे अर्ज लिहितो. पोर्तुगीज अमदानीत मराठी चौथी आणि त्यापुढे पोर्तुगीज शाळेचे दीड वर्ष, एवढेच माझे शिक्षण. तथापि वारसा, कूळहक्क, जन्मदाखला अशा विषयांवरील माझा अर्ज भाषेच्या कारणास्तव एकदाही परत आलेला नाही. त्यामुळे माझ्या अक्षराला तालुक्यात मान होता. "भाऊनी लिवल्यानी" म्हटले की पुढे वाद संपे.

जत्रेच्या नाटकात मीही काम करीत असे. मी राजा होई. माझे स्वगत दीड पानांचे असे आणि त्यातील एकही जोडाक्षर मी कधी गाळले नाही. परंतु मी स्वगतास प्रारंभ केला की मंडपातील निम्मे लोक खाजे घेण्यासाठी उठत आणि "राखणो इलो रे!" अशी हाक आली की धावत परत येत. एका वर्षी मी पडद्याच्या फटीतून पाहिले. माझी पत्नी, जी घरी माझ्यासमोर कधी मोकळेपणी हसली नाही, ती पदर तोंडात धरून गदगदा हलत होती. घरी जाताना मी तिला विचारले, "माझे स्वगत कसे झाले?"

"बरां झालां," ती म्हणाली. चार पावले चालून गेल्यावर तिला पुन्हा काहीतरी आठवले आणि ती पुन्हा हसू लागली. ते माझे स्वगत नव्हते.

त्या नाटकात एक प्रथा होती, तिची हकीकत येथे सांगितली पाहिजे. पहिल्या रांगेत गावचे खरे भाटकार आरामखुर्चीत बसत. प्रवेशाच्या शेवटी अंगावर कांबळे नसलेला राखणो रंगमंचावरून खाली उतरे, थेट त्यांच्यासमोर जाऊन उभा राही आणि म्हणे, "भाटकारानूं, ह्या वर्साचो माझो पगार!" थोरले भाटकार आपल्या हाताने त्याला एक नवे कोरे कांबळे देत. हा मान केवळ त्याचा होता. मला, राजाला, नारळ मिळे, तोसुद्धा समितीकडून.

उत्सवाचे इतिवृत्त लिहिण्याचे काम माझ्याकडे होते. नटांची नावे मी त्यात अनुक्रमे लिहीत असे. पहिले नाव माझे असे, हे सांगणे नलगे. त्याचे नाव मात्र मी त्या यादीत कधीच घातले नाही. त्याऐवजी शेवटी एक स्वतंत्र वाक्य लिहीत असे: "प्रथेप्रमाणे भाटकारांनी आपल्या राखणदारास वार्षिक मोबदला म्हणून कांबळे दिले." 'वार्षिक मोबदला' ही शब्दयोजना मला फार आवडली होती. नऊ वर्षे मी ते वाक्य जसेच्या तसे उतरवले.

आता तो प्रत्यक्षात कसा होता ते सांगतो. तो पाडेली होता. लोकांच्या माडांवर चढून नारळ पाडणे हा त्याचा धंदा. कोयता कंबरेला, पायांत दोरीचा फास, आणि तोंडाला जणू कुलूप. माडावरून उतरला की घाम पुसून मुकाट उभा राही. लोक त्याला सोडत नसत. "राखण्या, काय तरी बोल मरे!" असा आग्रह सुरू होई. तो खरोखर विचारात पडून म्हणे, "काय बोलू?" आणि एवढ्यावर हशा पिके.

राजभाषा मराठी की कोंकणी, हा वाद पेटला होता तेव्हाची गोष्ट. चहाच्या दुकानात मी मराठीच्या बाजूने तासभर सप्रमाण बोललो होतो. कोणीतरी त्याला विचारले, "राखण्या, तू खंयच्या बाजूचो?" त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला आणि अगदी गंभीरपणे उत्तर दिले, "माडार चडल्यार दोनूय बाजूचे लोक सारकेच दिसतत." दुकान दणाणले. माझ्या तासभराच्या प्रतिपादनाचे काय झाले, हे कोणी विचारलेही नाही. लोक का हसतात म्हणून तो सर्वांच्या तोंडाकडे पाहत राहिला. मला त्याचा राग आला. लोकांना हसवायचे मनात नसतानाही त्याला ते साधत होते.

पुढे थोरले भाटकार वारले. त्यांचे चिरंजीव पणजीला राहत. गोवा घटकराज्य होणार अशी बोलणी चालली होती, मोरजीच्या किनाऱ्यावर गोरे पाहुणे उतरू लागले होते, आणि चिरंजिवांना आपल्या जमिनी मोकळ्या हव्या झाल्या. राखण्याचे घर त्यांच्या जमिनीत होते. त्याच्या आजाने थोरल्या घराण्याच्या परवानगीने बांधलेले मातीचे घर. आमच्याकडे अशा रहिवाशाला मुंडकार म्हणतात. कायदा असा की, मुंडकाराने मामलेदाराकडे नाव नोंदवले तर त्याला कोणीही घराबाहेर काढू शकत नाही. मात्र भाटकाराने पगार देऊन ठेवलेला राखणदार मुंडकार ठरत नाही. नोकरी संपली की त्याने घर सोडायचे.

चिरंजिवांची नोटीस त्याला आली. ती घेऊन तो प्रथम चहाच्या दुकानात गेला आणि म्हणाला, "माका घरातसून भायर काडतत." लोकांनी टाळ्या दिल्या. "अरे, नव्या नाटकाचो पार्ट काय रे ह्यो?"

मग तो माझ्याकडे आला. व्हरांड्यात शिरताच कचेरीचा शिपाई ओरडला, "राखणो इलो! भाऊनू, आज तुमची करमणूक!" खांद्यावरच्या पंच्याने बाकडे झाडून तो बसला.

"भाऊनू, एक अर्ज."

"विषय?"

"घर." आणि मग म्हणाला, "नाटकाचा काय घालू नका त्यात. हडे मी राखणो नाय."

मी चार पानी अर्ज लिहिला. त्यात आजाचे नाव आले, घराच्या चतुःसीमा आल्या, माड, विहीर, तुळस, सर्व काही आले. व्यवसायाच्या रकान्यात मी पाडेली असेच लिहिले. तो अर्ज माझ्या हयातीतील उत्तम अर्जांपैकी आहे, असे मी आजही समजतो. त्याने तो दोन्ही हातांत धरला आणि वाचता येत नसतानाही पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत सावकाश पाहिला.

त्या दिवसांत राजभाषेच्या आंदोलनात रस्त्यांवर झाडे आडवी टाकलेली असत. दोनदा सुनावणी पुढे गेली. अखेर ती झाली तेव्हा खोली माणसांनी भरली होती. राखण्याचा तमाशा बघायला मिळेल म्हणून अर्धे गाव आले होते.

चिरंजिवांचा वकील म्हापशाचा. त्याने माझा अर्ज बाजूला सारला आणि कापडात बांधलेले एक पुस्तक मामलेदारांपुढे ठेवले. ते उत्सवाचे इतिवृत्त होते. भाटकारांचे घराणे समितीचे अध्यक्ष, म्हणून ते पुस्तक त्यांच्या घरी राही. मी अर्जदाराशेजारीच बसलो होतो.

"हे अक्षर कोणाचे?" वकिलाने विचारले.

"माझे," मी म्हणालो.

"वाचा."

मी वाचले. 'आपल्या राखणदारास वार्षिक मोबदला म्हणून.' त्याने पान उलटले. मी पुन्हा वाचले. असे नऊ वेळा झाले. वकील मामलेदारांकडे वळला. "कांबळ्याच्या रूपाने पगार घेणारा राखणदार, साहेब. साक्षीदार सगळे गाव आहे. तो स्वतःच भर सभेत म्हणत असे, माझा पगार."

मामलेदारांनी राखण्याला विचारले, "यावर तुझे काय म्हणणे?"

तो उठून उभा राहिला. प्रथम त्याने माझ्याकडे पाहिले आणि मग म्हणाला, "भाऊनी लिवल्यानी म्हटल्यार खोटां कसां आसतला, सायबानू? पण मी राखण खंय केली, ती माका आठवत नाय."

खोली हशाने फुटली. लोकांना वाटले, त्याने नवीन वाक्य काढले. माझ्याएवढे जवळ कोणी बसले नव्हते; मी त्याचे हात पाहिले. हवेत स्टुलाविना बसून राहणाऱ्या त्या मनुष्याने समोरच्या मेजाची कड दोन्ही हातांनी धरली होती. त्याला खरोखरच स्वतःच्या आठवणीपेक्षा माझ्या अक्षरावर अधिक विश्वास होता. थोड्या वेळात त्याने मान्यही केले असते की आपण राखणदार आहोत.

वकिलाने मला शेवटचा प्रश्न विचारला. "तुम्ही लिहिता ते खरे असते की खोटे?"

वाचकहो, खरे म्हणालो असतो तर त्याचे घर गेले असते. खोटे म्हणालो असतो तर अर्जनवीस म्हणून माझ्याजवळ काय उरले असते, हे तुम्हीच सांगा. मी म्हणालो, "ते वाक्य लिहिण्यात चूक झाली."

"नऊ वर्षे तीच चूक?" मामलेदार म्हणाले.

"ती चूक नव्हती, साहेब." मी म्हणालो. "हा मनुष्य नाटकात राखणदाराचे सोंग करतो. कांबळे हा नटाचा मान होता. मला त्याचे नाव नटांच्या यादीत घालायचे नव्हते, म्हणून मी तसे लिहिले."

"का घालायचे नव्हते?"

"लोक त्याच्यासाठी धावत परत येत. माझ्यासाठी येत नसत."

मग कोणीतरी फिस्सकन हसले, आणि मग जे हसू उसळले तसे त्याच्या स्टुलाच्या प्रवेशालाही मी कधी ऐकले नव्हते. शिपाई भिंतीला टेकला. वकिलाने कागद तोंडापुढे धरला. मामलेदारांना चष्मा काढून पुसावा लागला. इतकी वर्षे जे त्याला मिळे ते त्या दिवशी सगळेच्या सगळे मला मिळाले, आणि कोठे तोंड लपवावे हे मला कळेना. एकटा तो हसला नाही. एक पाडेली माडावरून घसरला तर दुसरा पाडेली त्याच्याकडे जसा पाहतो, तसा तो माझ्याकडे पाहत होता.

पुढे मामलेदारांनी जागेवर जाऊन पाहणी केली आणि त्याचे नाव मुंडकार म्हणून नोंदवण्याचा हुकूम दिला. घटकराज्याची साखर वाटली गेली त्याच्या आसपासच ती नोंद झाली. माझ्या बाकड्याशी मात्र काही काळ लोक कमी येऊ लागले. आले तरी विचारत, "भाऊनू, खरां लिवतलात मा?" मी कागद पुढे ओढून घेई आणि विषय विचारी.

जत्रा आली तेव्हा समितीची माणसे त्याच्याकडे गेली. तो म्हणाला, "सोंग करूचंय नाय." चिरंजीव वर अपील करतील, पुन्हा कोणी म्हणेल हा राखणदार, अशी त्याला धास्ती होती. लोकांनी परोपरीने विनवले. एकाने तर माझ्या तोंडावर म्हटले, "भाऊनू, तुमी घर वाचयल्यात आनि आमचो राखणो मारल्यात." तो प्रवेशच नाटकातून काढून टाकावा लागला. माझे स्वगत राहिले; ते ऐकायला मात्र त्या वर्षी पूर्वीपेक्षाही कमी माणसे होती.

नोंदणीच्या दाखल्याची प्रत देण्यासाठी मी एके सकाळी त्याच्या घरी गेलो. दारावर पंचायतीने घराचा नंबर रंगवला होता. तो सोप्यावर बसला होता. "बसा," एवढेच तो म्हणाला. त्याच्या बायकोने चहा आणि पाव आणून ठेवला. मी दाखला दिला. त्याने तो आत फळीवर नेऊन ठेवला आणि पुन्हा येऊन बसला.

मी वाट पाहू लागलो. कशाची, ते थोड्या वेळाने माझ्या ध्यानात आले. इतर सगळ्यांसारखा मीही तो काहीतरी बोलेल आणि मला हसू येईल म्हणून थांबलो होतो. रस्त्यावरून जाणाऱ्या एकाने हाक मारली, "राखण्या, काय मरे?" त्याने नुसती मान हलवली. तो मनुष्य क्षणभर थांबला आणि काही न मिळाल्यामुळे निघून गेला. एक मांजर येऊन त्याच्या पायाशी बसले. चहा संपला. तो आपल्या अंगणाकडे पाहत होता. कोणी पाहते आहे की नाही, याची त्याला खबरही नव्हती.

त्या सोप्यावर, एकही शब्द न बोलता बसलेल्या त्या मनुष्याचा मला जेवढा हेवा वाटला, तेवढा तो रंगमंचावर असताना कधीही वाटला नव्हता.