भाडेकरूने खपवलेलं कडू चॉकलेट

डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, बीपी उतरल्याशिवाय मोतीबिंदूला हात लावणार नाही. माझा धंदा समोरच्याचा चेहरा वाचण्याचा. किंमत ऐकून त्याच्या ओठाचा कोपरा कसा हलतो ते पाहून मी पुढचा आकडा सांगतो. ते दिसेनासं झालं आणि लोक माझ्याकडून स्वस्तात माल नेऊ लागले. डोळा मला हवाच होता.

पाडलेल्या घरांच्या चौकटी, दारं, खिडक्या विकून मी वर आलो आणि जांभ्या दगडात भाड्याच्या खोल्या बांधल्या. वरच्या मजल्यावर अकोल्याकडचा एक कॉम्प्युटर इंजिनिअर बायकोसह राहायचा. २००७च्या सुमारास कंपनीने त्याला परदेशी पाठवलं. तिकडून येताना ही मंडळी चॉकलेटं आणतात. त्यानेही आणली आणि काळ्या कागदातल्या वड्यांचा गठ्ठा माझ्या हातात ठेवला.

"काका, हे डार्क चॉकलेट आहे. कोकोनं बीपी कमी होते. नेटवर पाहा, रिसर्च आहे त्याच्यावर."

"गोळीपेक्षा भारी?"

"नॅचरल आहे ना काका. साइड इफेक्ट नाही."

तुकडा तोंडात टाकला तर जीभ आखडली. इतकं कडू म्हणजे औषधच असणार, अशी माझी खात्री पटली. गोळ्या विकत घ्याव्या लागत होत्या, हे फुकट होतं. मी गोळ्या बंद केल्या आणि सकाळ-संध्याकाळ वडी चघळू लागलो.

"आवं, डागदरनं गोळी बंद करा म्हनलंय व्हय?" बायकोने विचारलं.

"दोन दोन औषधं कशाला? एकात भागतंय की."

"मंग बसा आंधळं," म्हणून ती उठून गेली.

पुढच्या तपासणीत बीपी आधीपेक्षा वर. डॉक्टरांनी गोळ्यांचं विचारलं, मी वडी पुढे केली. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला.

"कोकोनं रक्तवाहिन्या जरा सैलावतात, हे खोटं नाही. पण उतार अगदी थोडा, तोही सगळ्यांना सारखा नाही. शिवाय यात साखर आहे, चरबी आहे. गोळीचं काम ही वडी करणार नाही."

"थोडं का हुईना, उतरतंय न्हवं?"

"उतरत असेल."

"मग तेवढं गोळीतनं कापा. अर्धी गोळी, अर्धं चॉकलेट."

"इथे भाव होत नाही. पूर्ण गोळी, महिनाभर, रोज. मग या."

घासाघीस करत मी एक दिवसाआड गोळीवर आलो. त्यांनी घंटी वाजवून पुढचा पेशंट बोलावला. सौद्यातून मला इतक्या लवकर आजवर कोणी उठवलं नव्हतं.

त्याच आठवड्यात बायकोने बातमी आणली. वरच्या बाईने पाण्याच्या टाकीपाशी तिला हसत हसत सांगितलं होतं, "ऑफिसात कोणी तोंड लावलं नाही हो काकू. फेकायचं जिवावर आलं. मग हे म्हणाले, काकांना बीपी आहे, त्यांना देऊ."

माझं डोकं फिरलं. वाळवीने पोखरलेली चौकट मी मुरलेलं सागवान म्हणून खपवलेली आहे. न खपणारा माल कसा खपवावा, हे या मुलुखात माझ्याकडून शिकावं. आणि जन्मात एक बिजागरीही न विकलेल्या या पोराने मला माल खपवला, वर माझ्याकडून आभारही मानून घेतले.

गोळ्या महिनाभर मुकाट्याने घेतल्या. बीपी उतरलं, ऑपरेशनचा दिवस ठरला. त्या सकाळी नेमकी रिक्षा मिळेना, म्हणून वरचा इंजिनिअरच आपल्या गाडीतून मला घेऊन गेला. नर्सने माझ्या दंडाला पट्टा बांधला आणि हा शेजारच्या पेशंटला सांगू लागला, "काकांचं पाहा, चॉकलेटनंच उतरलं. मीच दिलं होतं."

आकडा भराभर चढला. नर्सने डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"हे कोण?"

"भाडेकरू."

"त्यांना खाली गाडीत बसू दे."

तो गेला. थोड्या वेळाने पुन्हा मोजलं तर आकडा जाग्यावर आला होता. मोतीबिंदू निघाला. आता तो कॉलनीत कोकोचे गोडवे गातो आणि मी गोळी घेतो. पण त्या दिवशी ऐन वेळेला बीपी कशाने उतरलं म्हणाल, तर तो जिना उतरून खाली गेला त्याने.