घोंघूमल आणि बाहेर राहिलेलं शेपूट

आमच्या शेजारच्या घराची बेल वाजवली की आतून हाक येते, "आ रहा हूँ भाई, आ रहा हूँ!" मग चाकांचा आवाज, मग कडी. मध्ये बराच वेळ जातो. दुसऱ्यांदा बेल वाजवायची नाही आणि आत कुणी असलं तरी त्याने उठून दार उघडायचं नाही, असा त्या घराचा नियम आहे. कुरिअरवाल्यालाही तो पाठ झाला आहे.

दार उघडणारी उत्कर्षा. जन्मापासून तिचे पाय चालत नाहीत, आणि उजवा हात त्याच्या मनात आलं तरच काम करतो. ती सहा वर्षांची असताना जुळे सोलापुरातल्या या ओळीत रंगीत टीव्ही फक्त आमच्याकडे होता. रविवारी सकाळी तिचे वडील संगमेश तिला उचलून आणायचे आणि सतरंजीवर भिंतीला टेकवून बसवायचे. तेव्हा घोंघूमल नावाच्या गोगलगायीचं एक हिंदी कार्टून लागायचं. घोंघूमल "आ रहा हूँ भाई" म्हणत सगळ्यांच्या मागून पोचायचा, पण त्याच्या पाठीवरच्या शंखातून शिडी, छत्री, पंखा, काय वाटेल ते निघायचं. उत्कर्षाची पहिली व्हीलचेअर आली त्या दिवशी संगमेशने तिच्या मागे कापडी पिशवी अडकवली आणि म्हणाला, "हा घे तुझा शंख."

संगमेश जाऊन बरीच वर्षं झाली. पिशव्या मात्र वाढत गेल्या. वरच्या फळीवरचं काढायची चिमट्याची लांब काठी म्हणजे जिराफ. पलंगावरून खुर्चीत सरकायच्या आधी ती तोंडाने ताशा वाजवते, आणि सरकून झाल्यावर आईने टाळी वाजवायची असते. हातातून काही निसटलं की ते जमिनीला लागायच्या आत वरून खाली घसरणारी शिट्टी मारते. मायलेकी घरी करून विकतात त्या शेंगाचटणीच्या ऑर्डरीसुद्धा ती फोनवर घोंघूमलच्या आवाजात घेते. गिऱ्हाइकं हसतात आणि अर्धा किलो जास्त सांगतात.

गेल्या महिन्यात तिच्या मामेभावाचा, ऋतुराजचा, वैरागला साखरपुडा होता. तिथल्या घराला उंच पायऱ्या, म्हणून उत्कर्षाने न जायचं ठरवलं. आईने मात्र जायचं आणि मुक्कामही करायचा, असा तिचा हट्ट. संगमेश गेल्यापासून तिची आई, यशोदाबाई, एक रात्रही माहेरी राहिल्या नव्हत्या.

"मी कशी राहू ओ तिकडं?" त्या मला म्हणाल्या. "रात्री कूस बदलायची असली तर?"

"पलंगाला दोरी बांधलीय की, आई," उत्कर्षा म्हणाली. "महिनाभर तुझ्या देखत बदलतेय. मला एक रात्र माझी एकटीची पाहिजे. पस्तिशी उलटली माझी."

शेवटी यशोदाबाई हो म्हणाल्या. सकाळी बॅग घेऊन रिक्षात बसल्या, चौकाला वळसा घालून मागच्या बोळातून आमच्या स्वयंपाकघराच्या दारात हजर. हिरव्या, लाल दोऱ्याने शिवलेल्या चपला हातात.

"बसला वेळ हाय अजून," त्या कुजबुजल्या. "दुपारपर्यंत बघते हितनंच. धडपडली तर जाणारच न्हाय."

आमच्या सौभाग्यवतींनी त्यांना चहा दिला. त्या भिंतीला कान लावून बसल्या. चपला ओट्याखाली तशाच पडल्या होत्या. स्वयंपाकघरात चपला मला बघवत नाहीत. मी त्या उचलल्या आणि पुढच्या व्हरांड्यातल्या स्टँडवर जोडीने, टाचा भिंतीकडे करून, नीट लावल्या. दोन्ही घरांचा व्हरांडा एकच आहे, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

थोड्या वेळाने भिंतीपलीकडून शिट्टी आली आणि पाठोपाठ मोठा आवाज. यशोदाबाई ताडकन उठल्या. सौ.नी त्यांचा हात धरला.

"थांबा हो. शिट्टी झाली ना? म्हणजे भांडं पडलंय. स्वतः पडली असती तर शिट्टी मारली असती का?"

यशोदाबाई बसल्या, पण चहा निवून गेला. मग व्हरांड्यात चाकं वाजली, थांबली, परत गेली. माझा फोन वाजला.

"काका, कोल्हा सापडला."

"कुठला कोल्हा?"

"घोंघूमलवर पाळत ठेवायचा तो. बारीक झुडपामागं लपायचा, आणि शेपूट बाहेर. आज शेपूट तुमच्या चपलांच्या स्टँडवर आहे. हिरवं, लाल दोऱ्यानं शिवलेलं."

सौ.नी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

फोनमधलं सगळं ऐकून यशोदाबाई बॅग घेऊन बाहेर आल्या. उत्कर्षा दारातच होती, मांडीवर चेपलेलं पातेलं घेऊन.

"फसवतेस होय गं मला?" ती आईला म्हणाली.

"पडलीस म्हणजे?"

"पडले तर काकांना हाक मारीन. घोंघूमल किती वेळा पडायचा?"

"त्याला हाडं नव्हती!"

"मला आहेत. म्हणून मी जपून राहीन की."

यशोदाबाईंनी पातेलं हातात घेऊन फिरवून पाहिलं. "भात सांडलास?"

"सांडला, जिराफाला फडकं लावून गोळा केला, पुन्हा लावलाय. तुझी बस चुकेल. संध्याकाळी अंगठी घालायच्या वेळी आत्या नको का?"

यशोदाबाईंनी पदराने डोळे टिपले, चपला पायात सरकवल्या आणि त्या मला म्हणाल्या, "एसटी स्टँडवर सोडता का ओ? या वेळी खरंच जाते." मी स्कूटर काढली. बस हलेपर्यंत त्या खिडकीतून सूचना देत होत्या. बस हलली तेव्हा मात्र हसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैरागहून फोन आला, "जरा बघून या की." मी शेजारी गेलो आणि बेल वाजवली.

आत सगळं शांत. माझा हात पुन्हा बेलकडे गेला, पण मी तो मागे घेतला. मग तोंडाने वाजवलेला ताशा ऐकू आला. तो थांबला आणि काहीच पुढे झालं नाही. तेव्हा आठवलं, टाळी वाजवणारी वैरागला होती. मी दाराबाहेर उभा राहून टाळी वाजवली.

"आ रहा हूँ भाई," आतून आवाज आला, "आ रहा हूँ!"

मी थांबलो.