चौथा प्लग

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. दादाला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसासमोर हे जिभेपर्यंत येतं — आणि मी दुसरंच काहीतरी बोलून मोकळा होतो.

आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. मेकॅनिकल इंजिनिअर. अभिमान आहे, लपवणार नाही. थोरल्या भावाने, दादाने, दहावीनंतर सातपूरच्या कारखान्यात लेथ मशीन धरलं, म्हणून मी कॉलेजात बसू शकलो. पण शिक्षण वेगळं आणि हातात पाना धरणं वेगळं, हे आमच्या कॉलनीला कोण सांगणार? कुणाचा मिक्सर बंद पडला, कुणाची मोटर जळाली — आणा इंजिनिअरकडे. मी ठेवून घ्यायचो, गुपचूप दुकानातून दुरुस्त करून आणायचो आणि मीच केलं म्हणून परत द्यायचो. हसू नका. मला ते खोटं वाटतच नव्हतं. माझ्या डिग्रीची अब्रू राखतोय, असं वाटायचं.

मग दादाची गाडी आली.

जुनी पेट्रोल गाडी, टुरिस्टसाठी घेतलेली. नाशिकरोडहून भाविक घ्यायचे, त्र्यंबक दाखवून आणायचं. दादाची नोकरी चालूच होती, म्हणून ड्रायव्हर ठेवला — संतू. पेठकडच्या पाड्यावरचा, कमी बोलणारा. बायको आणि लेकीला घेऊन आमच्याच कॉलनीत खोली करून राहिला होता. लेक इथल्या शाळेत जाते, हे तो दर दोन वाक्यांनी सांगायचा.

गाडी फटफटायला लागली. उभी असताना ठीक; ॲक्सिलरेटर दाबला की मागून फट्, फट्. गिऱ्हाईक दचकायचं. शेजारचे नाना ओट्यावरून ओरडायचे, "काय इंजिनिअरसाहेब, यंदा दिवाळी लवकर काढली का?" संतू म्हणाला, गॅरेजला दाखवू. दादा म्हणाला, "घरात इंजिनिअर बसवून ठेवलाय, अन् मेस्त्रीला कशाला दाखवायची?"

गाडी मिक्सरसारखी पिशवीत घालून नेता येत नाही ना.

रविवारी सकाळी बॉनेट उघडलं. अर्धी कॉलनी भोवती. मोबाईलवर बघून ठेवलं होतं — वेग घेताना इंजिनावर ताण येतो, प्लगची ठिणगी कमजोर असेल तर पेट्रोल न जळताच पुढे जातं आणि सायलेन्सरमध्ये पेटतं. निदान बरोबर होतं. जुने प्लग झिजलेलेच होते. तीन नवे बसले. चौथा आवळताना पाना तिरका झाला — कट्.

तो आवाज फक्त मी ऐकला. प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर केसाएवढी चीर. मला दिसली. तुम्ही म्हणाल, बदलायचा होता. हो. पण जास्तीचा प्लग नव्हता, आणि दादा सगळ्यांना सांगत होता, "बघा, कसा हात चालतो." मी वरून वायर दाबून चीर झाकली. गाडी सुरू केली. उभ्या गाडीचा आवाज एकदम मऊ. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वहिनीने सगळ्यांना चहा दिला. मी तो चहा प्यायलो.

दुसऱ्याच दिवशी संतू परत आला. आवाज पहिल्यापेक्षा वाढला होता. चढावर गाडी धक्के खात होती, भाविक मध्येच उतरून दुसऱ्या गाडीत बसले होते. दादाने माझ्याकडे पाहिलं. एवढंच म्हणायचं होतं — दादा, माझ्याकडून एक प्लग तडकला. काय झालं असतं? नाना चार दिवस हसले असते. बस.

मी म्हणालो, "प्लग नवे आहेत, मी स्वतः बसवलेत. दोष चालवण्यात आहे. हा गिअर न बदलता नुसता दाबतो."

संतू माझ्याकडे वळला. "भाऊ, मी कवा गाडी दामटली नाय. तुमी शिकेल माणूस. येक डाव तुमी बसा ना माज्याबरोबर, बघा."

मी बसलो नाही. बसलो असतो तर दोष गाडीत आहे हे कबूल करावं लागलं असतं. दादाने त्याच संध्याकाळी त्याच्याकडून किल्ली घेतली.

इथे थांबलो असतो तरी — नाही, पुढचं जास्त वाईट आहे. पुढच्या रविवारी गाडी धुतो म्हणून मी एकटाच बॉनेटखाली वाकलो आणि तो प्लग बदलला. आवाज बंद झाला. मला काय वाटलं होतं? गाडी नीट झाली की दादा संतूला परत बोलावेल? दादा फेरी मारून आला आणि मला म्हणाला, "संतू गेला अन् गाडी सुधारली. तूच बरोबर होतास." मी गाडी दुरुस्त केली आणि संतूवरचा आळ पक्का केला. दादाने टॅक्सी स्टँडवरही तेच सांगितलं; मग तिथे कुणी त्याला स्टिअरिंगला हात लावू देईना. त्याने खोली सोडली. लेकीचं नाव शाळेतून काढलं.

नंतर एकदा दिंडोरी रोडला द्राक्षबागेच्या मजुरांच्या पिकअपमध्ये तो मागे उभा दिसला. शेजारी मुलगीही होती, फडकं बांधून, कामावर निघालेली. त्याने हात वर केला. माझ्यावर रागही नव्हता त्याच्या चेहऱ्यावर. त्याला अजून वाटत असेल की आपलंच काहीतरी चुकलं असणार, शिकलेला माणूस कशाला खोटं बोलेल?

दादा आजही नव्या ड्रायव्हरला हा किस्सा सांगतो. मी समोर बसलेलो असतो.

प्लग मी तडकवला होता. संतू गाडी नीट चालवायचा.