तीव्र चिंता

आमच्या वरच्या खोलीत मरियम भाड्याने राहते. परदेशातून शिकायला आलेली, मोडकंतोडकं मराठी बोलणारी. तिच्या गावावर बॉम्ब पडताहेत आणि आईचा फोन लागत नाही.

काल संध्याकाळी ती बातम्या बघायला खाली आली. आपल्या सरकारचे प्रवक्ते म्हणाले, "परिस्थितीबद्दल आम्हाला तीव्र चिंता वाटते. सर्वांनी संयम राखावा."

"काकू, तीव्र चिंता म्हणजे?"

"खूप काळजी."

तिचा चेहरा उजळला. "मग आता थांबवतील ना?"

देशांना काळजी वाटते तेव्हा ते किती जपून बोलतात, कुणाचंही नाव न घेता! पडद्यावर एव्हाना क्रिकेट सुरू झालं होतं.

मी तिला जेवायला वाढलं. तिने पोळीचा तुकडा मोडला आणि तो हातातच धरून बसून राहिली.