इंजन, टिटवी आणि बारीक आवाज

बारामतीत मोबाइलच्या दुकानात मी हेडफोन विकतो. स्वस्तातलेच. आमचं गिऱ्हाईक आधी विचारतं, "बेस हाय का?" वरचा, बारीक सूर कसा येतो हे कुणी विचारत नाही, आणि याचा मला राग येतो. नुसत्या धडधडीलाच आवाज म्हणायचं, तर पिठाची गिरणी काय वाईट?

माझी परीक्षा ठरलेली आहे. पळसदेवला आमच्या रानात, उजनीच्या पाण्याच्या कडेला, तात्यांचं डिझेल इंजन चालू असताना मी एकदा मोबाइलवर आवाज भरून घेतला होता. तात्या म्हणजे माझे वडील. खाली इंजनाची ढगढग, वर टिटवीची टिवटिव. नवा माल आला की मी तेवढंच ऐकतो, गिऱ्हाइकालाही तेच ऐकवतो. स्वस्त हेडफोनात बहुतेक वेळा इंजन टिटवीला गिळून टाकतं. काहींत टिटवी कानात सुई टोचल्यासारखी लागते. दोघं आपापल्या जागी ऐकू आले, की तो हेडफोन चांगला. दुकानात माझ्या कानाला मान आहे, निदान मला तसं वाटतं.

मागच्या उन्हाळ्यात बायको इंदापूरला माहेरी गेली, ती परत न येण्यासाठीच. धड भांडणसुद्धा झालं नाही. चार दिवस मी गिऱ्हाइकांखेरीज कुणाशी बोललो नाही. मग तात्यांना फोन करून सांगितलं, "ती गेली. आता येणार न्हाय."

तात्या म्हणाले, "बरं झालं."

ते दोन शब्द मला फार लागले. त्यानंतर मी गावाकडे फिरकलोच नाही. फोन करायचो, पण कोरडा. जेवलात का, पाणी दिलं का. ते सगळ्याला "व्हय व्हय" म्हणायचे आणि शेवटी, "तुजा आवाज लई बारीक येतोय." माझा आवाज लहानपणापासून किनरा. शाळेत पोरं त्यावरून चिडवायची. आता तात्याही तेच काढतात म्हणून मी आणखी चिडलो. तरी गावचा एकजण भेटला तेव्हा दुकानातला सगळ्यात जास्त बेसचा हेडफोन त्याच्या हाती धाडला. घ्या म्हटलं, जाड आवाज. खरं तर संध्याकाळी खोलीवर आल्यावर बोलायला मला तात्यांचा तेवढा एकच नंबर होता.

दिवाळीला शेवटी गेलो. तात्या इंजनापाशीच बसले होते. हेडफोन पिशवीसकट खुंटीला. नुसतं घुमतं त्यात, म्हणाले. मी तो त्यांच्या कानांवर चढवला आणि माझा भरून घेतलेला आवाज लावला. त्यांचा चेहरा खुलला.

"आपलंच इंजन की."

"आन टिटवी?" मी मोठ्यानं विचारलं.

"टिटव्या कुठल्या आता. दोन वर्सं झाली, हिकडं येतच न्हाईत."

मी हेडफोन काढून घेतला. इंजन बंद होतं आणि पलीकडच्या बांधावर टिटवी जीव खाऊन ओरडत होती. तात्या शांतपणे पाण्याकडे बघत होते.

फोनवर तात्या माझा आवाज बारीक म्हणायचे, ते रेडिओ बारीक कर म्हणतात तसलं बारीक होतं. मला किनरं वाटलं. जन्मभर इंजनाशेजारी बसून त्यांच्या कानांतले वरचे सूर कधीच गेले होते, आणि अख्ख्या बारामतीला टिटवी ऐकवणाऱ्या मी त्यांना बेस पाठवला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्या दिवशी फोनवर त्यांना काय ऐकू आलं होतं, देव जाणे. मी मात्र एवढे महिने त्यांच्यावर राग धरून बसलो होतो. मला स्वतःची लाज वाटली.

मी त्यांना खेटून बसलो, कानाशी तोंड नेलं आणि तेच वाक्य पुन्हा सांगितलं. ती गेली. आता येणार न्हाय.

तात्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मंग कवापासनं एकटा ऱ्हातुयास?"

"उन्हाळ्यापासनं," मी म्हणालो. आवाज बारीक निघाला. पुन्हा सांगावं लागलं.